पेपरातला पारा अन् टिनाखालचा पारा

मे लागला की मला बोरगावात दोनच प्रश्न विचारले जातात. एक, नळ कधी येणार. दुसरा, आज किती होतं. दुसऱ्याचं उत्तर मी रोज संध्याकाळी इथे टाकतो. वर्ध्याचं अधिकृत कमाल तापमान, दशांशासहित. आणि रोज त्यावर भांडण होतं. कोणी म्हणतं, माझ्या गाडीत ४७ दाखवत होतं. कोणी मोबाइलचा स्क्रीनशॉट टाकतं. एकानं तर सरळ विचारलं, "पत्रकार साहेब, आकडा दाबता काय?"

हे सगळं मी हसून सोडून देत होतो. गेल्या आठवड्यात मात्र आमच्या मागच्या ले-आउटमधल्या एका आजीनं अडवलं. दोन खोल्यांचं घर, वर टिन, आणि नातवानं कुठूनसा आणलेला भिंतीवरचा थर्मामीटर. आजी म्हणाली, "काहून भाऊ, तुमी त्रेचाळीस लिवलं, अन् माह्या घरात त पन्नासच्या जवळ जाऊन राह्यलं. हा आकडा कोनाच्या घरचा हाय?"

मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि निघालो. पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. वीस वर्षं मी हा आकडा छापतोय, पण तो कुठून येतो, कसा ठरला, हे सांगणारी एक ओळ कधी लिहिली नाही. म्हणून आज लांब लिहितोय. दुपारी बारा ते चार बाहेर निघू नका असं आपण सांगतोच, तेवढ्या वेळात वाचून होईल.

आकडा कोणाच्याच घरचा नाही

आजीला द्यायला हवं होतं ते खरं उत्तर हे. पेपरातला आकडा कोणाच्याच घरचा नसतो. तो एका पांढऱ्या लाकडी पेटीतला असतो.

ही पेटी आली कशी, त्याची गोष्ट दीडशे वर्षांची आहे. १८६४ मध्ये कलकत्त्यावर भयंकर चक्रीवादळ आलं. दोनच वर्षांनी, १८६६ मध्ये, पाऊस गेल्यानं ओडिशात दुष्काळ पडून लाखो माणसं मेली. इंग्रज सरकारच्या लक्षात आलं की या देशाच्या हवेची एकत्र नोंदच कुठे नाही. नोंदी होत्या, पण सुट्या सुट्या. मद्रासला वेधशाळा होती, मुंबईत कुलाब्याला होती. बाकी ठिकाणी बरंचसं काम इस्पितळातल्या डॉक्टरांच्या भरवशावर. कोणाचा थर्मामीटर व्हरांड्यात, कोणाचा खिडकीशी, कोणाचा उत्तरेच्या भिंतीवर तर कोणाचा पश्चिमेच्या.

आता विचार करा. एका गावचा थर्मामीटर पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर आणि दुसऱ्या गावचा थंड व्हरांड्यात, तर दोन गावांची तुलना काय करणार? आकडे खोटे नव्हते, पण एकमेकांशेजारी ठेवता येत नव्हते.

१८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला आणि हेन्री ब्लॅनफर्ड नावाच्या शास्त्रज्ञाकडे काम आलं. त्यांच्यापुढचं पहिलं मोठं काम हेच होतं, सगळ्या देशाला एकसारखी सावली देणं. निरीक्षकांसाठी त्यांनी पुस्तक लिहिलं. सुरुवातीच्या काळात आपल्याकडे गवतानं शाकारलेल्या, चारी बाजूंनी मोकळ्या छपरीत थर्मामीटर टांगत. म्हणजे आपल्या शेतातल्या मांडवासारखीच व्यवस्था. पुढे त्या छपरीची जागा स्टीव्हन्सन पेटीनं घेतली.

हे थॉमस स्टीव्हन्सन स्कॉटलंडचे, दीपगृहं बांधणारे इंजिनिअर. प्रसिद्ध लेखक आर. एल. स्टीव्हन्सन यांचे वडील. त्यांची पेटी साधीच आहे. पांढरा रंग, म्हणजे ऊन परतून जावं. चारी बाजूंना दुहेरी झिलमिली, म्हणजे वारा आत खेळावा पण ऊन शिरू नये. थर्मामीटर जमिनीपासून साधारण चार फुटांवर, मोकळ्या जागेत, शक्यतो गवतावर, भिंती आणि झाडांपासून लांब. दार उत्तरेकडे, म्हणजे आकडा वाचताना उघडलं तरी ऊन आत येऊ नये.

आत चार थर्मामीटर. एक साधा, एक ओल्या कापडाचा, एक कमाल तापमानाचा आणि एक किमानचा. कमालवाल्याचा गळा तापाच्या थर्मामीटरसारखा अरुंद असतो, म्हणून चढलेला पारा आपोआप उतरत नाही. निरीक्षक सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला येऊन वाचतो. आता बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक सेन्सर आले, पण नियम तोच, सावली आणि खेळता वारा.

थोडक्यात, पेपरातला आकडा म्हणजे सावलीतल्या, वाहत्या हवेचं तापमान. उन्हाचं नाही, रस्त्याचं नाही, घराचं नाही आणि माणसाच्या अंगाचं तर नाहीच. फॅरनहाइटच्या जमान्यात आमचे वडील "आज एकशे बारा" म्हणायचे, आपण आज साडेचव्वेचाळीसच्या आसपास म्हणतो. दोन्ही एकच, कारण पेटी एकच. त्या पेटीमुळेच आपण आजचा उन्हाळा आणि आजोबांच्या काळचा उन्हाळा तोलू शकतो. ही तिची मोठी कमाई आहे आणि ती मोडीत काढू नका.

मग आपले आकडे वेगळे का?

एकेक घेऊ.

उन्हात ठेवलेला थर्मामीटर हवा मोजत नाही, स्वतःलाच मोजतो. काचेवर, पाऱ्यावर, मागच्या प्लास्टिकवर ऊन पडतं आणि तो तापतो. पन्नास काय, आणखी वर दाखवेल. आकडा खरा आहे, पण तो हवेचा नाही.

गाडीचा सेन्सर बहुतेक वेळा समोरच्या बंपरच्या आसपास असतो, खाली तापलेला रस्ता आणि मागे इंजिन. गाडी उभी राहिली की आकडा चढतो, महामार्गावर जरा वेगात धावली की उतरतो. बघा करून.

मोबाइलमधला आकडा तर बहुधा तुमच्या गावात मोजलेलाच नसतो. संगणक आजूबाजूच्या नोंदी आणि उपग्रहाच्या माहितीवरून हिशेब करून तो काढतो. म्हणून दोन ॲप दोन आकडे देतात. "फील्स लाइक" म्हणजे दमटपणा, वारा धरून काढलेला अंदाज. तो थर्मामीटरवर कधीच दिसणार नाही.

उपग्रहाचे लालभडक नकाशे फिरतात, त्यातही गंमत आहे. एप्रिल २०२२ मध्ये वायव्य भारतात काही ठिकाणी ६० अंशांच्या वर गेल्याचा नकाशा सगळीकडे फिरला. ते जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान होतं, हवेचं नाही. मे महिन्यात नांगरलेल्या काळ्या रानात अनवाणी चालणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

आणि काही फरक अगदी खरे असतात. लंडनमध्ये ल्यूक हॉवर्ड नावाच्या गृहस्थांनी दोनशे वर्षांपूर्वी दाखवून दिलं होतं की शहर रात्री आसपासच्या गावांपेक्षा गरम राहतं. मुंबईची कुलाबा आणि सांताक्रूझ ही दोन्ही केंद्रं अधिकृत, तरी दोघांच्या आकड्यात कधी कधी काही अंशांचा फरक पडतो, कारण एक समुद्राला खेटून आणि दुसरं आत. आपल्या बोरगावचंच बघा. जिथे तुरी-कपाशी उभी असायची तिथे आता ले-आउट, सिमेंटचे रस्ते, सिमेंटची अंगणं. दिवसभर पिऊन घेतलेलं ऊन हे सिमेंट रात्री अकरापर्यंत ओकत राहतं. मोकळ्या गवतावरची पेटी आणि आपली गल्ली यांचा आकडा एक येईल अशी अपेक्षाच चूक.

मोठा आकडा म्हणजे खरा आकडा नव्हे

आता माझी कबुली. काही वर्षांपूर्वी मी एका चौकातल्या डिजिटल बोर्डावरचा आकडा फोटोसकट बातमीत दिला होता. बोर्ड भर उन्हात, लोखंडी खांबावर. बातमी जोरात चालली. दुसऱ्या दिवशी खुलासा द्यावा लागला, तो कोणी वाचला नाही. तेव्हापासून मोठ्या आकड्याची मला भीती वाटते.

ही चूक फक्त माझ्यासारख्यांची नाही. ३० मे २०२४ आठवतो ना? नागपुरात एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश आणि दुसऱ्यावर ५४ अंश नोंद झाली. देशभर बातमी गेली. खापरी आणि रामटेकची केंद्रं त्याच दिवशी ४४ च्या आसपास दाखवत होती. शेवटी हवामान विभागानंच सांगितलं की सेन्सर बिघडले होते. त्याच्या आदल्या दिवशी दिल्लीतल्या मुंगेशपूरला ५२.९ अंश दाखवलं होतं. तपासणीत तिथला सेन्सर सुमारे ३ अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. ५६ खरा असता तर देशाचा विक्रम कधीच मागे पडला असता, कारण तो राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा, ५१ अंशांचा आहे.

जगाचा विक्रमही असाच पडला. लिबियातल्या अल-अझिझियाचा १३ सप्टेंबर १९२२ चा ५८ अंशांचा आकडा नव्वद वर्षं शाळेच्या पुस्तकांत होता. २०१२ मध्ये जागतिक हवामान संघटनेनं तो रद्द केला. जुन्या नोंदवह्या तपासल्यावर दिसलं की नवख्या निरीक्षकानं थर्मामीटर चुकीचा वाचला असावा, शिवाय केंद्राखालची जमीनही आसपासच्या वाळवंटासारखी नव्हती.

म्हणजे पेटी, तिची जागा आणि वाचणारा माणूस, तिन्ही नीट असतील तरच आकड्याला अर्थ.

पण मग आजीचं काय?

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, चला, सरकारी आकडा बरोबर आणि लोक चुकीचे. तसं मला म्हणायचं नाही. माझी हरकत वेगळ्या ठिकाणी आहे. तुलना करण्यासाठी बनवलेला आकडा आपण माणसाचा त्रास ठरवायला वापरतो, तिथे घोळ होतो.

उष्णतेच्या लाटेचा नियम बघा. सपाट प्रदेशात पारा किमान ४० हवा आणि तो सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी वर हवा. नाहीतर थेट ४५ गाठायला हवा. तेही हवामान उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर, सलग दोन दिवस. आता आपल्याकडे मेच्या मध्यात सरासरीच ४२-४३ च्या घरात. त्यावर साडेचार म्हणजे ४७. म्हणजे विदर्भात ४४ अंशांचा दिवस हा नियमाच्या भाषेत लाट नसतो, नेहमीचा उन्हाळा असतो. मजूर सेंट्रिंगवर सळया बांधत असतो, त्या सळईला हा नियम माहीत नाही.

कमी आकड्यातही माणूस मरतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. भर उन्हात लाखो लोक बसले होते. उष्माघातानं १४ जण गेले. जवळच्या केंद्रावर पारा ३८ च्या आसपास होता. आपल्याकडे ३८ ला आपण "आज बरं आहे" म्हणतो. पण तिथे डोक्यावर सावली नव्हती आणि हवा दमट होती. घाम वाळला तरच अंग थंड होतं. आपल्यालाही हे जूनमध्ये कळतं. रोहिणी संपून ढग येतात, पारा ४० पर्यंत उतरतो आणि कूलर काम करणं बंद करतो. नवतप्यातल्या ४५ पेक्षा तो चिकचिकाट जास्त जीव खातो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. उष्माघातानं मृत्यू झाला हे ठरवताना काय तपासावं, यावर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आहेत. शवविच्छेदन, पंचनामा, स्थानिक चौकशी, आणि त्या ठिकाणचं, त्या वेळचं कमाल तापमान. "त्या ठिकाणचं" हा शब्द वाचून मी थांबलो. टिनाच्या खोलीत दुपारी तीनला एखादी म्हातारी बाई बेशुद्ध पडली, तर त्या ठिकाणचं तापमान कोण लिहिणार? खोलीत थर्मामीटर नाही. मग कागदावर तोच आकडा येणार, मोकळ्या गवतावरच्या पेटीतला. "त्या दिवशी तर ४३ च होतं" एवढ्या एका वाक्यानं तिचा मृत्यू वयावर किंवा हृदयावर जाऊ शकतो.

शेतकऱ्याचंही तसंच. २०१७ पासून राज्यात महावेध प्रकल्पात महसूल मंडळनिहाय दोन हजारांवर स्वयंचलित केंद्रं उभी राहिली. आपल्या जिल्ह्यातल्या कारंजा, आष्टी, आर्वीकडच्या संत्रा बागायतदारांना माहीत आहे, फळपीक विम्याचा हिशेब हवामान केंद्राच्या आकड्यावर होतो. केंद्राभोवती झुडपं वाढली, शेजारी भिंत आली, सेन्सर बिघडला, तर नुकसान बागेत आणि निवाडा भलत्याच आकड्यावर. म्हणून आपल्या मंडळाचं केंद्र कुठे आहे, कोणत्या अवस्थेत आहे, हे बघून येणं ही बागायतदाराची चौकसगिरी नाही, हक्क आहे.

घर बदललं की उन्हाळा बदलतो

आपल्यापासून हाकेच्या अंतरावर सेवाग्राम आहे. ३० एप्रिल १९३६ ला, ऐन तापत्या दिवसांत, गांधीजी सेगावात आले. तिथल्या कुट्या माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंच्या. जाड भिंती, खाली उतरलेलं छप्पर, पडवी. आजही मेच्या दुपारी बापूकुटीत पाय ठेवा आणि तिथून निघून एखाद्या टिनाच्या खोलीत जा. बाहेर पेटीतला आकडा दोन्ही वेळी एकच. अंगाला कळणारा फरक मात्र कोणालाही विचारायची गरज नाही. इंग्रज साहेबांना हे उमगलं होतं, म्हणून ते वाळ्याच्या ताट्या लावत आणि जमलं तर पचमढीला निघून जात. पचमढी ही मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी होती.

आपण मात्र पन्नास वर्षांत कवेलू काढून टिन टाकलं. हौसेनं नाही. कवेलू फिरवायला माणूस मिळत नाही, माकडं फोडतात, टिन स्वस्त पडतं. टिन तापलं की ते स्वतःच शेगडीसारखं खाली उष्णता फेकतं. हवा ३७-३८ च्या वर गेली की पंखा थंडावा देत नाही, गरम वाराच फिरवतो.

यावर उपाय नाही असं नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत नेहमीपेक्षा तेराशेवर जास्त मृत्यू झाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहरानं उष्णतेचा कृती आराखडा केला, देशात पहिला. आधी इशारा, दवाखान्यांची तयारी, आणि पुढे गरीब वस्त्यांत छपरांना पांढरा रंग. पांढरा रंग म्हणजे काय, तर स्टीव्हन्सनच्या पेटीचीच युक्ती. थर्मामीटरला जी सावली दीडशे वर्षांपूर्वी मिळाली, ती माणसाला द्यायची.

आता आपण काय करायचं

एक. घरी तापमान मोजायचं तर नीट मोजा. थर्मामीटर सावलीत, जमिनीपासून चार-पाच फुटांवर, भिंतीला न चिकटवता, वारा लागेल असा. टिनाखालचं मोजत असाल तर तसं स्पष्ट लिहा. आकड्यासोबत जागा आणि वेळ लिहिली नाही तर ती फक्त गप्प.

दोन. ग्रामपंचायतीकडे आणि गावातल्या शाळांकडे माझी मागणी आहे, एका शाळेच्या आवारात नियमाप्रमाणे पांढरी पेटी बसवा. पोरं रोज वाचतील, फळ्यावर लिहितील. विज्ञानही शिकतील आणि गावाची नोंदही राहील.

तीन. छपराला चुना मारणं हे खर्चाचं काम नाही. घरकुल आणि वस्ती सुधारणेच्या कामांत टिनाच्या घरांसाठी हा विषय ग्रामसभेत यायला हवा. मी मांडणार आहे, तुम्ही हात वर करा.

चार. कोणाला चक्कर, उलटी, बरळणं, अंग तापून कोरडं पडणं असं झालं तर सावलीत न्या, अंगावर पाणी मारा, वारा घाला, १०८ ला फोन लावा. आणि वेळ, जागा लिहून ठेवा. जमलं तर त्या खोलीतलं तापमानही.

काल संध्याकाळी मी त्या आजीकडे पुन्हा गेलो. पेटीची गोष्ट सांगितली. ती ऐकून म्हणाली, "म्हंजे थर्मामीटरले सावली पायजे, अन् आमाले नको?" मग जरा थांबून, "मंग भाऊ, एक दिवस माह्या घरचाबी लिव ना."

लिहिणार आहे. उद्यापासून इथे दोन आकडे येतील. वर वर्ध्याचा अधिकृत आकडा, तो बदलणार नाही. खाली बोरगावातल्या पाच टिनाच्या घरांचा, दुपारी तीनचा आणि रात्री दहाचा, "टिनाखाली" असं लिहून. रात्रीचा मुद्दाम, कारण रात्री घर थंड झालं नाही तर शरीराला उसंत मिळत नाही. पाचही थर्मामीटर आधी एका सावलीत शेजारी शेजारी ठेवून तपासून घेऊ, कोणता किती चुकतो ते लिहून ठेवू.

एक घर ठरलं आहे. चार हवी आहेत. ज्यांच्या घरी टिन आहे आणि दिवसातून दोनदा आकडा लिहायची तयारी आहे, त्यांनी सांगा. थर्मामीटर मी आणून देतो.